गाडी दिसली की सांगतो

एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत बसलेल्या माणसाला येणारी गाडी किती वाजता येईल हे सांगता आलं पाहिजे, अशी आपली एक भाबडी समजूत असते. सुदाम गमरे त्या खिडकीत सव्वीस वर्षं बसले आणि त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही.

मी पहिल्यांदा त्यांच्या खिडकीशी गेले तेव्हा कॉलेजात होते. पुण्याला जायचं होतं आणि पाटीवरची वेळ टळून गेली होती.

"गाडी किती वाजता येईल?"

"आली की."

"म्हणजे किती वाजता?"

"बाय, पाटीवर सुटायचा टाइम लिवलाय. यायचा टाइम कुठं लिवलाय? गाडी दिसली की सांगतो."

आणि खरंच, गाडी वळणावर दिसली तेव्हा माइकवर दोनदा टिचकी वाजली, टक टक, आणि मग तो संथ, नाकात किंचित घोळलेला आवाज आला. गाडी, फलाट, मार्ग. एक शब्द जास्त नाही. माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "आता ती आम्हालाही दिसते की! ह्या कंट्रोलरचा उपयोग काय?" सगळं रत्नागिरी त्यांना असं नावं ठेवायचं आणि पुढच्या वेळी पुन्हा त्यांनाच विचारायला जायचं. कारण ते जे सांगत ते खरं असे.

पुढे बऱ्याच वर्षांनी, निवृत्त झाल्यावर ते आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायला आले. मी वरच्या मजल्यावर. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं काम मी घरून करत होते. एकदा जिन्यात गाठून मी त्यांना ती जुनी गोष्ट सांगितली आणि विचारलं, "काका, अंदाजे तरी सांगायला काय हरकत होती?"

त्यांनी आधी जिन्याच्या कठड्यावर दोन टिचक्या मारल्या. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की अजूनही माइक तपासल्याशिवाय त्यांना सुरुवात करता येत नसे.

"नवीन होतो तवा सांगायचो. एक बाई आली, कडेवर पोर. चिपळूणला आयेस बघायला चालली होती, आये लय आजारी. मी बोललो, अजून अर्धा तास हाय. ती नळावर पोराला पाणी पाजायला गेली. गाडी आली पाच मिनिटांत, आनि गेली पण. पुढची दुपारनंतर. ती बाई तोवर माझ्या खिडकीसमोर बसून ऱ्हायली. शिव्या दिल्या नायत, काय नाय. नुसती बसून होती." मग म्हणाले, "टाइम सांगितला म्हंजे त्या मानसाचं थांबनं आपल्या अंगावर येतं, बाय."

मी हसून घेतलं. माझं सगळं काम म्हणजे टाइम सांगणं होतं, हे तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. मलाही, खरं म्हणजे.

आमची कंपनी घरगुती सर्व्हरचं सॉफ्टवेअर करायची. नाव भारदस्त असलं तरी वस्तू साधी. डब्याएवढी एक पेटी घरात ठेवायची. घरातले फोटो, आवाज, कागद सगळं त्या पेटीत. बाहेरच्या कुणाच्या मशिनवर काही जात नाही. घरातली माणसं आपापल्या फोनवर नाहीतर टीव्हीवर ते उघडतात. नवी आवृत्ती कधी बाहेर काढायची, कुठल्या देशात आधी, कुठे मागाहून, हे ठरवून त्याची तारीख जाहीर करणं हे माझं काम. तारीख चुकली की "लवकरच" असं लिहायचं, हेही माझंच काम. त्या एका शब्दावर मी बरीच वर्षं पगार घेतला आहे.

गमरे कंट्रोलर दिसायला अगदी साधे. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, मनगटावर किल्लीचं घड्याळ. ते घड्याळ मिनिटभरही पुढे ठेवलेलं त्यांना चालत नसे. "पुढं ठेवायचं म्हंजे आपनच आपल्याला खोटं सांगायचं," म्हणायचे. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पनवेलला. दर रविवारी हातखंब्याच्या पलीकडे, आपल्या गावच्या बौद्धवाडीत ते विहारात जात, वंदना करत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येत. फोन उचलला की "जयभीम" म्हणत आणि पुढचं वाक्य अशा सुरात म्हणत की पलीकडच्याला आपल्या फलाटाचा नंबर सांगतील असं वाटावं.

एका रविवारी ते वाडीहून परतले ते पत्र्याची ट्रंक घेऊन. ट्रंकेत कॅसेटी होत्या. दोनशे चौदा.

वाडीतले पुरुष तेव्हा मुंबईला असायचे. कुणी गोदीत, कुणी कारखान्यात, कुणी कुठल्या ऑफिसात शिपाई. बायकांपैकी पुष्कळजणींना वाचता येत नव्हतं. पत्र आलं की ते कुणाकडून तरी वाचून घ्यायचं, म्हणजे नवऱ्याचं मन आधी शेजाऱ्याला कळायचं. मग कुणीतरी टेपरेकॉर्डर आणला आणि मुंबईच्या खोलीवर बसून माणसं कॅसेटीत बोलायला लागली. ती कॅसेट रत्नागिरीच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायची. ड्रायव्हर ती चौकशीच्या खिडकीत गमऱ्यांकडे द्यायचा, आणि गमरे ड्रॉवरमधे ठेवून रविवारी वाडीवर न्यायचे. वाडीत एकच टेपरेकॉर्डर होता, तो त्यांच्याच घरी.

"मग सगळ्यांनी एकत्र ऐकायचं?" मी विचारलं.

ते दचकलेच. "छ्या! पत्र हाय ते. जिचं तिनं ऐकायचं."

रविवारी दुपारी बायका त्यांच्या पडवीत बसत. एकेकीला माजघरात बोलवायचं. गमरे कॅसेट घालायचे, बटण दाबायचे, बाहेर यायचे आणि दार लोटून घ्यायचे. आतली बाई आपलं पत्र ऐकून, डोळे पुसून किंवा हसू दाबून बाहेर आली की दुसरीनं आत जायचं. कुणी कुणाला काय म्हणाला ते विचारायचं नाही, हा वाडीचा कायदा. कॅसेटी घरी नेऊन काय करणार, वाजवायला काही नाही, म्हणून त्या गमऱ्यांकडेच राहिल्या. प्रत्येकीवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात नाव आणि आकडा. एखाद्या बाईला पुन्हा ऐकावंसं वाटलं की ती रविवारी येऊन नुसती ओसरीवर बसायची. ते समजून जायचे.

आता त्या कॅसेटींना बुरशी धरत होती. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी आणि ते एकेक साफ करून कॉम्प्युटरमधे उतरवू लागलो. त्यातही त्यांचा नियम कायम. आवाज बंद. पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ वरखाली होताना बघायची, तुटली नाही ना एवढं पाहायचं. ऐकायचं नाही. एकदा एका कॅसेटीत रेघ एकदम अशी उसळली की मला राहवलं नाही, माझा हात आवाजाच्या बटणाकडे गेला. त्यांनी फटकन माझ्या हातावर चापट मारली.

"तुझं पत्र हाय ते?"

"नाही."

"मंग?"

हात चोळत मी बसले. पूर्ण हिवाळाभर आम्ही दोनशे चौदा कॅसेटी उतरवल्या आणि त्यातला एक शब्दही ऐकला नाही. असं काम मी आयुष्यात कधी केलं नव्हतं आणि करीनसं वाटत नाही.

मग प्रश्न आला, ज्याचं त्याला पोचवायचं कसं. काकांनी आपल्या बुद्धीनं एक प्रयोग केला. यशोदाबाई म्हणून वाडीतल्या एक सत्तरीच्या बाई, त्यांच्या यजमानांचं पत्र काकांनी त्यांच्या फोनवर पाठवायला घेतलं. बोट घसरलं आणि ते गेलं 'ग्रामीण व मुंबई शाखा' या ग्रुपवर. काकांच्या लक्षात येऊन त्यांनी पुसेपर्यंत वीसेक जणांनी ऐकलं होतं. पत्राची सुरुवात "माझ्या लाडक्या यशोदे" अशी होती. दुपारपर्यंत वाडीतली नातसुनासुद्धा यशोदाबाईंना "लाडक्या आजी" म्हणायला लागल्या. काका पुढच्याच गाडीनं वाडीला गेले आणि त्यांच्या दारात हात जोडून उभे राहिले. यशोदाबाई म्हणाल्या, "आवो भावोजी, इतक्या वर्षांनी तरी लोकांस समाजलं!" त्या हसत होत्या. काका हसले नाहीत. त्यानंतर त्यांनी एकही पत्र फोनवरून पाठवलं नाही.

"प्रत्येक घराला आपलं कुलूप पायजे," ते मला म्हणाले. "असं काय हाय का तुझ्या पेटीत?"

होतं. म्हणजे, होणार होतं. पेटी विहाराच्या कपाटात राहील, आणि प्रत्येक घर, वाडीत असो की मुंबईत, आपल्या कुलपातलं तेवढंच उघडेल. अगदी हेच आमच्या येणाऱ्या आवृत्तीत होतं. मला इतका आनंद झाला की मी बोलून गेले, "काका, बुद्धपौर्णिमेच्या आत देते."

त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "गाडी दिसली काय तुला?"

"दिसली म्हणूनच सांगतेय."

दिसली नव्हती. तारीख आमच्या फळ्यावर लिहिलेली दिसली होती.

त्या दिवशी त्यांनी मला सदुसष्ट नंबरच्या कॅसेटीबद्दल सांगितलं. ती त्यांच्या अक्काची, म्हणजे थोरल्या बहिणीची. अक्का तेव्हा शेजारच्याच वाडीत दिलेली होती, आणि तिचे यजमान, भावोजी, मुंबईत गोदामात कामाला. त्यांची सहा पत्रं अक्कानं त्या माजघरात बसून ऐकली होती. एक दिवस सकाळी डेपोच्या फोनवर निरोप आला की भावोजी गेले, काविळीनं. गमऱ्यांनी खिडकी दुसऱ्याला दिली आणि तिच्या वाडीला जाऊन बहिणीला ते सांगितलं. तिसऱ्या दिवशी मुंबईच्या गाडीचा ड्रायव्हर आला. त्याला काही माहीत नव्हतं. त्यानं पिशवीतून कॅसेट काढून दिली आणि म्हणाला, भावोजींनी गेल्या आठवड्यातच दिली होती, मधे माझी सुट्टी आली.

"मी ती ड्रॉवरात ठेवली," काका म्हणाले. "बोललो, विधी होऊ दे. मंग बोललो, वरीस जाऊ दे. मंग तिचा मुलगा मोठा होऊ दे. मंग तो खेडला नोकरीला लागला, ती तिकडं गेली. आता चाळीस वर्सं झाली. आता कुठल्या तोंडानं देऊ? बोलेल, सुदामा, एवढा टाइम तू काय करत होतास?"

तेव्हा त्यांच्या मनातली योजना मला कळली. अक्काच्या कुलपात भावोजींची सातही पत्रं ओळीनं असतील. सहा ऐकलेली. ती आपल्या घरी, आपल्या टीव्हीवर, एकेक लावत जाईल आणि सहानंतर सातवं येईल. एकटी असेल. काही सांगावं लागणार नाही. पेटी काकांचं तोंड वाचवणार होती.

मला हे सगळं माहीत होतं. हे मी पुन्हा लिहिते, कारण पुढे मी जे केलं ते नकळत केलं असं कुणाला वाटू नये.

माझ्या शब्दावर काकांनी अक्काला फोन केला. ज्या माणसानं सव्वीस वर्षांत न दिसलेली गाडी कधी सांगितली नाही, त्यानं बहिणीला सांगितलं, "पौर्णिमेला येतो. भावोजींचा आवाज तुझ्या टीव्हीवर लावून देतो." फोन स्पीकरवर होता. पलीकडून म्हातारीचा आवाज आला, "कोन देनार ता?"

"ही हाय ना, वरची बाय. तीच बनवते."

"गो बाय, खरा काय? कधी होयल?"

"लवकरच, आजी," मी म्हटलं.

पौर्णिमेच्या आधी आठ दिवस आवृत्तीत दोष सापडला. कुलपं कधीमधी आपोआप उघडत होती. तो खरा दोष होता, थांबणं भाग होतं, त्याचं मला वाईट वाटत नाही. काकांनाही ते पटलं. "ब्रेक लागत नसेल तर गाडी काढू नये," म्हणाले. पण अक्काला कळवायचं त्यांच्या जिवावर आलं, ते त्यांनी पौर्णिमेच्या दिवसावर ढकललं. तोवर ती पहाटे न्हाऊन, पांढरं लुगडं नेसून, टीव्हीवरचा रुमाल काढून बसली होती. काकांनी फोनवर सांगितलं तेव्हा ती हसली. "तुझीपन गाडी लेट झाली काय रं?" फोन ठेवल्यावर काका बराच वेळ घड्याळाला किल्ली देत बसले. पूर्ण बसली तरी देत होते.

आषाढात दोष दूर झाला. आवृत्ती परदेशात बाहेर पडली. भारतात नाही. का नाही, हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगितलंच पाहिजे.

आमचे मालक, निनाद म्हणू, त्यांना मी बोलता बोलता काकांची गोष्ट सांगितली होती. सदुसष्ट नंबरची सोडून. ते खुर्चीतून उठलेच. "हीच आपली जाहिरात! निवृत्त कंट्रोलर, कॅसेटी, वाडी, विहार. गणपतीच्या आधी, माणसं गावी निघायच्या सुमारास, भारतात काढू. पेटी पहिल्यांदा चालू होते तो क्षण कॅमेऱ्यावर पाहिजे. आधी त्यांना काही देऊ नकोस. चेहरा खरा दिसला पाहिजे."

मी हो म्हटलं. नाही म्हणता आलं असतं. निनाद काही राक्षस नव्हते. पण माझी कल्पना होती, माझं नाव होणार होतं, आणि दोन महिन्यांनी काय बिघडतं असं मला वाटलं. काकांना मी फिल्मचं बोलले नाही. आयत्या वेळी सांगून खूश करू, असं मनाशी म्हटलं.

त्यांना एवढंच सांगितलं, "काका, बाहेरच्या देशांत आली. भारतात अजून उपलब्ध नाही."

"म्हंजे गाडी सुटली?"

"सुटली."

"आपल्याकडं थांबा नाय."

"नाही. अजून."

त्यांनी मान हलवली. हे त्यांना चटकन समजलं. जलद गाड्या आपल्या डोळ्यांसमोरून जातात आणि हात केला तरी थांबत नाहीत, यात त्यांना काही नवल नव्हतं. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. विहारात प्रवचनं सुरू झाली. त्या दिवशीही अक्काचा फोन आला. काकांनी तिला काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

मग ती दुपार. काका वाडीची चिबुडं घेऊन वर आले. आमच्या टीव्हीवर माझ्या मुलीचे फोटो चालू होते, जन्मल्यापासूनचे, ओळीनं. खाली पट्टीत आमची तिघांची नावं आणि प्रत्येक नावापुढे एक छोटं कुलूप. चैत्रापासून ती पेटी आमच्या कपाटावर होती. आषाढात तिच्यात दुरुस्त आवृत्ती घातली, तेव्हापासून एकदाही अडली नव्हती.

काका उभ्या उभ्या बघत राहिले. मुलगी रांगली, चालली, शाळेत गेली. मग हळूच म्हणाले, "ह्ये त्येच काय?"

"नाही हो," मी म्हटलं. "हे टेस्टिंगचं आहे. कच्चं. याचा भरवसा नाही."

मी उठून टीव्ही बंद केला.

त्यांनी चिबुडं टेबलावर ठेवली. "गोड हायत," म्हणाले. "साखर घालू नको." आणि खाली गेले. त्यांच्यासाठी दुसरी पेटी तयार करायला मला अर्धा तास पुरला असता. कपाटात ती पडून होती. फिल्मसाठी आणलेली, कोरी, त्यांच्या नावाची चिठ्ठी लावलेली.

श्रावणात अक्का गेली. चार दिवसांचा ताप. काकांना फोन आला तेव्हा मी जिन्यात होते. त्यांच्या उघड्या दारातून ते दिसले. फोन कानाला, दुसऱ्या हाताची बोटं टेबलावर. दोनदा टिचकी मारली, टक टक, आणि पुढे काही बोलले नाहीत.

अक्काचा जलदान विधी होऊन काही दिवस झाले आणि आमची आवृत्ती भारतात बाहेर पडली. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. माझ्या नोकरीतली वेळेवर निघालेली ही पहिलीच. निनादचा फोन आला, "तुझे कंट्रोलर तयार आहेत ना?"

मी म्हटलं, त्यांच्या घरी दुःख झालंय, ते जमणार नाही. निनाद म्हणाले, अरेरे. मग म्हणाले, दुसरं कोणी आहे का बघण्यात?

पेटीवरची चिठ्ठी काढून मी ती खाली घेऊन गेले. काका म्हणाले, "आली?" मी म्हटलं, "आली." दोन दिवस बसून आम्ही कुलपं केली. काकांनी वाडीतली घरं जशी एकाला एक लागून आहेत त्याच क्रमानं नावं सांगितली. जी घरं आता बंद आहेत तीसुद्धा. यशोदाबाईंचं कुलूप करताना पहिल्यांदा जरासे हसले. शेवटी म्हणाले, "अक्काचं नाव घाल."

"काका..."

"घाल. पत्र तिचं हाय."

"उघडणार कोण?"

"जिचं तिनं. दुसऱ्या कुणी नाय." आणि कुलपाचा आकडा त्यांनी स्वतः दाबला. मला तोंड फिरवायला लावलं.

सात पत्रं त्या कुलपात ओळीनं गेली. पेटीत प्रत्येक पत्रापुढे ते किती वेळा ऐकलं याचा आकडा दिसतो, तशी सोय आम्हीच ठेवली आहे. सातांपुढेही शून्य होतं. पहिल्या सहांचं मला काही वाटलं नाही. ती तिनं तेव्हा माजघरात ऐकली होती.

काकांनी इमारतीतली जागा सोडली आणि वाडीवर राहायला जायचं ठरवलं. पेटी विहारात राहणार, तर आपण तिच्याजवळ असावं, म्हणाले. पण त्याआधी त्यांना खेडला जायचं होतं. अक्काच्या टीव्हीला जोडणी करून द्यायला. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, "लावून देतो बोललो होतो ना."

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. जुन्या खिडकीत आता कुणी तरुण बाई होती. तिच्याकडे न बघता ते बाकावर बसले, मांडीवर कापडी पिशवी. शेजारी एक बाई येऊन बसली आणि तिनं विचारलं, "खेडची गाडी किती वाजता येईल हो?"

"दिसली की सांगतो," काका म्हणाले. ती जरा चक्रावली. त्यांच्याकडे पाठ करून बसली.

मग ते माझ्याशी बोलले. नजर वळणावरच.

"बाय, तुझ्या टीव्हीवर पोरीचे फोटो बगितले ना, त्या दिवशीच मला समाजलं. गाडी डेपोत उभी हाय. धुतलेली, तयार. इतकी वर्सं त्या धंद्यात काढली, कच्ची गाडी आनि पक्की गाडी मला कळत नाय काय?"

ते शांत होते.

"पन तयार गाडी नुसती उभी असली, म्हंजे ती कुणासाठी तरी राखून ठेवलेली असते. मोठा कुनी असंल. म्हणून मी परत इचारलं नाय तुला. तुझी नोकरी हाय." मग पहिल्यांदा माझ्याकडे वळून, अगदी साध्या उत्सुकतेनं त्यांनी विचारलं, "कुनासाठी होती गो?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात वळणावर गाडी दिसली. काका उठले. बाकाच्या लोखंडी पट्टीवर त्यांनी दोन टिचक्या मारल्या, टक टक, आणि त्या पाठमोऱ्या बाईला म्हणाले, "बाई, खेडची गाडी आली. घाई नको, थांबेल."

खरंच थांबली. ड्रायव्हर चहाला उतरला. काका खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर नीट घेतली आणि काच सरकवून माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता. चौकशीला आलेला माणूस उत्तराची वाट बघतो, तसं बघत होते. दहा मिनिटं गाडी उभी होती. तुमच्यासाठीच होती, काका, एवढंच म्हणायचं होतं. दहा मिनिटांत ते कितीतरी वेळा म्हणून झालं असतं.

ड्रायव्हर येऊन बसला. घंटी झाली.

मी म्हटलं, "पोचलात की फोन करा."